‘हा रंग तुला खुलत नाही’ या वाक्याचा इतिहास

इतिहास म्हटलं की आपल्याला गड, लढाया आणि तह आठवतात. आज मी तुम्हाला एका साध्या घरगुती वाक्याचा इतिहास सांगणार आहे. ते वाक्य तुम्ही नक्की ऐकलेलं आहे, आणि कधीतरी कोणाला तरी ऐकवलेलंही असेल. ‘हा रंग तुला खुलत नाही.’

मी इतिहासाची अभ्यासक नाही. शिक्षण एमबीएचं, काम आयटी कन्सल्टन्सीचं, आणि राहायला दुबईत. पण मागच्या वर्षी गणपतीच्या आधी देरामध्ये एक प्रसंग घडला आणि त्यानंतर हा विषय डोक्यातून गेला नाही.

शनिवारची दुपार होती. बर दुबईहून अब्रात बसून आम्ही मायलेकी खाडी ओलांडून देराला उतरलो आणि मुर्शिद बाजारात शिरलो. लेक पंधरा वर्षांची, वर्णाने माझ्यासारखी, म्हणजे सावळी. आरतीला घालायचा ड्रेस शिवायचा होता. दुकानदार काका कच्छचे, अनेक वर्षं इथेच असलेले. त्यांनी तागे उलगडले आणि लेकीने एका हळदी रंगाच्या रेशमी कापडावर हात ठेवला. "आई, हे घेऊया."

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "अगं, हा तुला खुलणार नाही. जरा फिकं बघ काहीतरी."

काका म्हणाले, "ताई, बाहेर उजेडात नेऊन तरी बघा." पण मला घाई होती. आम्ही फिका गुलाबी घेतला. लेक काही बोलली नाही. परत येताना अब्रात ती माझ्यापासून थोडी लांब बसली, एवढंच.

त्या रात्री मला आठवलं, की हेच वाक्य माझ्या आईने नाशिकच्या मेन रोडवरच्या दुकानात मला ऐकवलं होतं. तेव्हा मीही पिवळ्याच कापडावर हात ठेवला होता. आणि आईला ते तिच्या आत्याने ऐकवलं होतं. म्हणजे वाक्य तीन पिढ्या चालत आलेलं. मग मी विचार केला, याच्या मागे अजून किती पिढ्या असतील? शोधायला गेले आणि उत्तर वेगळंच मिळालं.

आधी आपल्या जुन्या घरांत डोकावू. जुन्या महाराष्ट्रात बाईने कोणता रंग नेसायचा हे तिच्या कातडीवरून ठरत नव्हतं. ते प्रसंगावरून आणि तिच्या घरातल्या स्थानावरून ठरत होतं. लग्नात नवरीला पिवळी अष्टपुत्री. सौभाग्याचा म्हणून हिरवा चुडा, हिरवा शालू. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा. आणि नवरा गेला की ब्राह्मण घरांत तांबडं आलवण. यात अन्याय भरपूर होता, आलवणाचं दुःख आपल्या आज्या-पणज्यांनी भोगलेलं आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. अष्टपुत्री नेसवताना नवरी गोरी आहे की सावळी हे कोणी विचारत नव्हतं. पिवळं सगळ्यांनाच.

दुसरं कारण रंगांचं. नीळ, मंजिष्ठा, हळद, लाख अशा मोजक्या वस्तूंपासून रंग तयार होत. रंगारी त्यातून छटा काढत, पण सामान्य घराच्या वाट्याला येणारे रंग थोडेच. वर्षाला एक-दोन लुगडी घेणाऱ्या बाईसमोर शंभर छटांचे तागे कोणी उलगडत नव्हतं. गोऱ्या रंगाचं कौतुक आपल्याकडे जुनंच आहे, ते मी नाकारत नाही. पण त्या कौतुकावरून कापड निवडण्याची सोयच बहुतेकींना नव्हती.

आणि सगळ्यात मोठा दाखला तर आपल्या देव्हाऱ्यात आहे. पंढरपूरचा विठोबा काळ्या पाषाणाचा. त्याला आपण सावळाच म्हणतो आणि प्रेमाने म्हणतो. त्या सावळ्या देवाला संतांनी काय नेसवलं? पीतांबर, म्हणजे पिवळं वस्त्र. कृष्णालाही तेच. ज्या मराठी माणसाने शतकानुशतकं सावळ्या अंगावरचा पिवळा रंग डोळे भरून पाहिला, त्याच मराठी माणसाच्या घरात ‘सावळ्या मुलीला पिवळा शोभत नाही’ हे वाक्य आलं कुठून?

ते वाक्य आलं गिरणी, छापखाना, क्रीमची डबी आणि कॅमेरा या रस्त्याने. एकेक मुक्काम बघू.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी उभारायला घेतली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५६ मध्ये, लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला मलेरियाचं औषध बनवायच्या खटपटीत अपघाताने जांभळा रंग सापडला, तोही डांबरापासून. तो जगातला पहिला व्यापारी कृत्रिम रंग. पुढच्या चाळीस वर्षांत एकामागून एक रंग प्रयोगशाळेतून बाहेर पडले. १८९७ मध्ये जर्मनीत कृत्रिम निळीचं उत्पादन सुरू झालं आणि आपल्या निळीच्या शेतीचे दिवस भरले. स्वस्त गिरणीचं कापड आणि स्वस्त रंग एकत्र आले. बाईसमोर पहिल्यांदा खरीखुरी निवड आली, आणि निवड आली की सल्ला देणारेही येतातच.

या सल्ल्यामागचं शास्त्र मात्र त्याआधीचं आहे, आणि ते ऐकण्यासारखं आहे. पॅरिसमध्ये गोब्लाँ नावाचा सरकारी विणकामाचा कारखाना होता. तिथे मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगविभागाचे प्रमुख होते. त्यांच्याकडे तक्रार आली, की काळं सूत नीट रंगवलं जात नाही, निळ्या-जांभळ्या कापडात ते फिकं दिसतं. त्यांनी सूत तपासलं. रंग चोख होता. दोष शेजारच्या रंगाचा होता! दोन रंग एकमेकांना खेटून ठेवले की आपला डोळा त्यांच्यातला फरक वाढवून बघतो. १८३९ मध्ये त्यांनी यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात पडदे, बागा, गणवेश यांच्याबरोबर बायकांच्या कपड्यांचाही विचार आहे, चेहऱ्याशेजारी कोणता रंग आला की चेहरा कसा दिसतो याचा.

म्हणजे ‘रंग खुलतो’ यात तथ्य आहे, ती अंधश्रद्धा नाही. पण गंमत बघा. शेव्रल यांनी सोनेरी केसांच्या बायकांना आकाशी रंग शोभतो असं लिहिलं, आणि काळ्या केसांच्या बायकांना पिवळा आणि नारिंगी-लाल. शास्त्राने पिवळा रंग माझ्या लेकीच्या हातून काढून घेतलेला नाही.

मग कोणी काढून घेतला? पुढचा मुक्काम छापखान्याचा. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत चित्रांचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. जर्मन यंत्रांवर छापलेली लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांत पोहोचल्या. रविवर्मांनी आपल्या अनेक नायिकांना नऊवारी नेसवलं, याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्या छापील देवी उजळ वर्णाच्या होत्या. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज जे दिसतं तेच हळूहळू ‘सुंदर’ या शब्दाचं चित्र होऊन बसतं.

मग क्रीमची डबी. १९१९ मध्ये मुंबईच्या ई. एस. पाटणवाला यांनी अफगाण स्नो बाजारात आणलं. तुमच्या आजीच्या फडताळात ती बाटली असणारच. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आलं आणि त्याच्या जाहिरातींतून गोरेपणाशी नोकरी आणि लग्न जोडलं गेलं. त्या नावातला ‘फेअर’ हा शब्द जायला २०२० साल उजाडावं लागलं.

आणि मग कॅमेरा. रंगीत फोटो छापताना रंग बरोबर आले की नाही हे तपासायला कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुन्याचा फोटो पाठवायची. त्यावर गोऱ्या बाईचं चित्र असे. अशा पहिल्या बाईच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. कित्येक वर्षं सगळ्या जगाचे फोटो त्या एका कातडीला प्रमाण मानून धुतले जात होते. सावळ्या चेहऱ्यातले बारकावे त्यात हरवत. यावर आधी कुरकुर केली ती लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्यांनी, कारण त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा जाहिरातीत नीट येत नव्हत्या! तुमच्या घरात लग्नाचा जुना रंगीत अल्बम असेल तर उघडून बघा. एखादी मावशी त्यात काळपट आणि सपाट दिसते. ती तशी नव्हती. पण फोटो समोर आल्यावर घरातले म्हणाले, "हिला भडक रंग शोभत नाही." मावशीने विश्वास ठेवला.

म्हणजे या सगळ्या प्रवासात ‘खुलणं’ या शब्दाचा अर्थच बदलला. मूळ अर्थ, चेहरा जिवंत दिसणं. नवा अर्थ, गोरं दिसणं. ज्या कापडाने एक छटा उजळ दिसेल ते चांगलं, बाकीचं वाईट. वाक्य तेच राहिलं, मोजपट्टी गुपचूप बदलली.

आता परत देरात येऊ, कारण हे गाव या गोष्टीत नुसतं खरेदीचं ठिकाण नाही. मुंबई आणि ही खाडी यांचं नातं जुनं आहे. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी मुंबईहून आखाताकडे नियमित येत. त्यातली ‘द्वारका’ तर १९८२ पर्यंत धावत होती. इथे चलन रुपयाच होतं. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी खास वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, म्हणजे भारतातल्या नोटांशी गल्लत होऊ नये. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि दुबईने तो सोडला. दिरहम आला १९७३ मध्ये. १९६६ पर्यंत देरातल्या बाजाराचा हिशेब रुपयातच होत असे, आणि भारतातून येणाऱ्या मालात कापडही होतं.

ते कापड नेसणाऱ्या इथल्या बायका काळ्या अबायात दिसतात म्हणून त्यांना रंगाचं वावडं आहे असं समजू नका. अबायाच्या आत पारंपरिक झगे असतात, गडद लाल, हिरवे, जांभळे, भरजरी. त्यांच्या गळ्यावर आणि मनगटावर ‘तल्ली’ शिवलेली असते. तल्ली म्हणजे रंगीत दोरे आणि सोनेरी-रुपेरी तार एकत्र विणून केलेली अरुंद पट्टी. कजूजा नावाच्या लहान उशीच्या घोडीवर बायका ती हाताने विणतात. २०२२ मध्ये युनेस्कोने या कलेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

मी तल्ली पहिल्यांदा नीट पाहिली तेव्हा मला आपल्या लुगड्याचा काठ आठवला. पैठणीचा जरीचा काठ घ्या, चंद्रकळेची तांबडी किनार घ्या. कापडाचा मुख्य रंग थेट कातडीला भिडत नाही, मध्ये काठ येतो. पदर खांद्यावरून जातो तेव्हा गळ्याजवळ काठाची रेघ पडते आणि रंग चेहऱ्यापासून वेगळा होतो. शेव्रलचा ग्रंथ न वाचता इथल्या आणि आपल्या विणकरांनी एकच युक्ती केली. रंग आणि चेहरा यांच्या मध्ये एक चमकती सीमा आखली. बाईला तिच्या रंगाची लाज वाटायला लावून कापड विकण्याची त्यांना गरज पडली नाही.

ती गरज पुढच्या बाजाराला पडली. १९८० मध्ये अमेरिकेत कॅरोल जॅक्सन यांचं एक पुस्तक फार गाजलं. त्यात माणसांचे चार ऋतू केले होते, वसंत, ग्रीष्म, शरद आणि हिवाळा. तुमची कातडी, केस, डोळे बघून ऋतू ठरवायचा आणि त्याच रंगांचे कपडे घ्यायचे. बाऊहाउसचे चित्रकार योहानेस इटेन यांनी विद्यार्थ्यांचे आवडते रंग आणि त्यांची अंगकांती यांचा संबंध पाहिला होता, त्या विचाराचं हे दुकानात आलेलं रूप. आमच्या एमबीएच्या भाषेत याला सेगमेंटेशन म्हणतात, गिऱ्हाइकांचे कप्पे करा म्हणजे प्रत्येक कप्प्याला वेगळं काही विकता येतं. पण या चार कप्प्यांत बहुतेक सगळे भारतीय, आफ्रिकी आणि पूर्व आशियाई लोक एकाच कप्प्यात जाऊन पडले, हिवाळ्यात. अर्धं जग एका खणात आणि उरलेले तीन खण गोऱ्यांच्या बारीकसारीक फरकांसाठी!

शास्त्रातही तेच झालं. १९७५ मध्ये त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी उन्हाने कातडी किती भाजते यावरून चार प्रकार केले, तेही गोऱ्या कातडीचे. तपकिरी आणि काळ्या कातडीचे दोन प्रकार नंतर जोडले. २०१५ मध्ये मोबाइलमधल्या इमोजींना कातडीचे रंग मिळाले ते याच पट्टीवरून. म्हणजे तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर तपकिरी अंगठा दाखवता, तो मूळचा उन्हाने भाजण्याच्या पट्टीवरचा आहे. २०२२ मध्ये गूगलने समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची पट्टी वापरायला घेतली, तेव्हा कुठे गडद बाजूला थोडी जागा झाली.

हे मी तिऱ्हाइतासारखं सांगत नाही. काही वर्षांपूर्वी कपडे विकणाऱ्या एका संकेतस्थळाचं काम आमच्याकडे आलं होतं. ग्राहकाला ‘शोभणारे’ रंग सुचवायचे होते. कातडीच्या रंगासाठी यादीत तीनच पर्याय होते, गोरा, गव्हाळ, सावळा. अगदी लग्नाच्या जाहिरातीतून उचललेले. ‘सावळा’ निवडला की पिवळा, नारिंगी, पोपटी हे रंग यादीतून गायब. ते नियम मी तपासले आणि पुढे पाठवले. ‘हे कोणी ठरवलं?’ असं मी विचारलं नाही, कारण ते मला माहीतच होतं. माझ्या आईने ठरवलं होतं.

आता भाषेचीच गोष्ट घ्या. कापडासाठी मराठीकडे किती शब्द आहेत! अंजिरी, डाळिंबी, आमसुली, मोरपंखी, अबोली, शेवाळी, वांगी, श्रीखंडी, बदामी, चिंतामणी. आख्खी बाग आणि आख्खं स्वयंपाकघर. आणि माणसाच्या कातडीसाठी? गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळा. एका रेघेवरच्या पाच खुणा, आणि रेघेचं एक टोक वरचं मानलेलं. ज्या भाषेला आमसुलाची छटा कळते तिला चेहऱ्याची कळू नये, याचं मला वाईट वाटतं.

मग कपडे घेताना रंग बघायचाच नाही का? जरूर बघा. फक्त मोजपट्टी बदला. पहिली गोष्ट, उजेड. दुकानातल्या दिव्याखाली आणि उन्हात एकच कापड वेगळं दिसतं. दिव्याखाली जुळलेले दोन रंग बाहेर आल्यावर फटकून वागतात. मॅचिंग सेंटरमधला माणूस ब्लाऊज पीस घेऊन तुम्हाला दारापर्यंत नेतो तो यासाठीच. दुसरी गोष्ट, कापड हातावर टाकून बघू नका, हनुवटीखाली धरा. आणि बघताना ‘मी उजळ दिसते का’ हे विचारू नका. असं विचारा, की आधी काय दिसतं, कापड की माझे डोळे? डोळे दिसले तर रंग तुमचा. कापडच दिसत राहिलं तर त्याच रंगाची थोडी गडद किंवा थोडी मातकट छटा मागा. बहुतेक वेळा रंग चुकीचा नसतो, छटा चुकते. आणि तरीही मन अडकलं तर गळ्याला काठ लावा. ती युक्ती आपल्या पूर्वजांनी करून ठेवलीच आहे.

आणि नवरात्र आठवा. नऊ दिवस नऊ रंग. मुंबईच्या लोकलमध्ये आणि इथल्या ऑफिसातही सगळ्या बायका त्या दिवशी एका रंगात. पिवळ्या दिवशी कोणी कोणाला ‘तुला खुलत नाही’ म्हणत नाही, कारण रंग सगळ्यांचा असतो. अष्टपुत्रीसारखाच.

पुढच्या शनिवारी मी एकटीच देराला गेले. काकांनी मला ओळखलं. तोच हळदी तागा काढला आणि मी काही म्हणायच्या आत उचलून दाराशी घेऊन गेले. बाहेर ऊन होतं. मी कापड स्वतःच्याच हनुवटीखाली धरलं आणि शेजारच्या दुकानाच्या काचेत पाहिलं. चाळीशी उलटल्यावर पहिल्यांदा.

दोन ड्रेसचं कापड घेतलं. घरी गेल्यावर लेकीला सांगितलं, की माझं चुकलं. ती म्हणाली, "आई, आता मला मोरपंखी हवाय." पंधराव्या वर्षाचं हे असंच असतं. आरतीला मात्र आम्ही दोघी पिवळ्यात उभ्या होतो.

श्रोतेहो, तुमच्या घरात हे वाक्य कोणी कोणाला ऐकवलं होतं, आणि तेव्हा हातातला रंग कोणता होता, ते आम्हाला जरूर कळवा. आणि पुढच्या वेळी घरातली एखादी मुलगी कापडावर हात ठेवेल, तेव्हा आधी तिला उजेडात नेऊन बघा. मग बोला.